हिरव्या गाऊनची ओटी

कडेगाव,
बुधवार

प्रिय समीक्षा,

अनेक आशीर्वाद. पत्राला फार उशीर झाला, राग मानू नकोस. दिवाळी करून तू नागपूरला मेडिकलला परत गेलीस आणि लगेच फोन करून विचारलंस, "आबा, आई सर्जरी का सोडून बसली? आणि मला का घेऊ देत नाही?" मी रेंज गेल्यासारखं हॅलो हॅलो केलं आणि फोन ठेवला. रेंज गेली नव्हती. तुझी आई शेजारीच शेंगा फोडत बसली होती. तिच्यासमोर काय सांगणार? आणि ती नसली तरी फोनवर माझं मन उघडत नाही. तू 'बोला आबा' म्हटलंस की मला एवढंच सुचतं की जेवलीस का. म्हणून हे पत्र. माझं शिक्षण सातवीपर्यंत, तेही पुरं नाही. ऱ्हस्व-दीर्घाकडं बघू नकोस. पाकिटाला तिकीट पुरेल का म्हणून पोस्टातल्या माणसाला दोनदा विचारणार आहे, नाहीतर ते वाटेतच पडून राहायचं. पत्ता नीट आहे ना तुझा? खोलीचा नंबर तू सांगितलास तो मला चौदा ऐकू आला का चाळीस, याचीच काळजी आहे.

तुझी आई सर्जरी शिकायला गेली तेव्हा आपल्या भावकीत त्या शब्दाचा अर्थ कुणालाच ठाऊक नव्हता. मी सांगायचो, कापाकापीची डॉक्टर. बायका तोंडाला पदर लावायच्या. तिच्या कॉलेजातल्या मोठ्या सरांनी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की बाळंतपणाची डॉक्टरकी घे, पोरी, ही लाईन बायकांची नव्हे, लग्न झालं की जागा वाया जाते. तिनं ते मला हसत सांगितलं. तिला तेव्हा सगळ्याचं हसूच यायचं. मी एकदा लाडूंचा डबा घेऊन गेलो, तर दारावरचा माणूस म्हणाला, "दीपमाला सिस्टर व्हय? त्या वर हायत." मी म्हटलं, सिस्टर न्हवं, डॉक्टर. तो म्हणाला, तेच ते. रात्रपाळीच्या डॉक्टरांना निजायला एक खोली होती, पण तिथं सगळी पोरं. मग तुझी आई चादरी ठेवायच्या कोठडीत चादरींच्या ढिगावर निजायची. मला दाखवलं तिनं. म्हणाली, "आबा, गादी कुणाची एवढी जाड नसेल." मी घरी येऊन तुझ्या आजीला सांगितलं की पोरगी मजेत आहे. मला तसंच वाटलं होतं. तिच्या हसण्यावर मी फार दिवस विसंबून राहिलो.

मग ती साताऱ्याला एका खाजगी हॉस्पिटलात लागली. मालक वयस्कर सर्जन होते, माणूस चांगला म्हणायचे सगळे. नोकरी देताना त्यांनी विचारलं की मूल कधी होऊ देणार. लग्न नुकतंच झालं होतं. तुझ्या वडिलांना, इंद्रजितरावांना, अशाच एका जागेसाठी कुणी तसं विचारलं नाही. ते भूल देणारे डॉक्टर. तुझ्या आईला तिथं बायकांच्या छातीच्या गाठी आणि बायकांची मूळव्याध एवढंच द्यायचे. पोटाची मोठी कामं तिच्याच हाताखाली शिकलेल्या राजवर्धनला. टाक्यांची गाठ एका हातानं कशी मारायची ते या राजवर्धनला तुझ्या आईनं शिकवलं. तू पोटात असताना ती शेवटच्या महिन्यापर्यंत टेबलाशी उभी राहिली, पाय सुजून चपलेत मावत नव्हते. तू झाल्यावर ती परत गेली, तर तिचे ऑपरेशनचे वार राजवर्धनकडं गेले होते. मालक मायेनं म्हणाले, "पोरी, तुझ्या भल्यासाठीच हलकं काम ठेवलंय." या मायेवर काय बोलायचं? शिवी दिली तर भांडता येतं. ती काही भांडली नाही.

हे लिहिताना बाहेर उसाची ट्रॉली अडकली म्हणून उठून जावं लागलं. दुसऱ्याची होती, पण माझ्या बांधावरून गेली तर पाईप फुटायचा. पाईप नीट आहे. कुठं होतो मी?

लोणंद. तुला लोणंदचा दवाखाना आठवत असेल, पण अर्धामुर्धा, कारण शाळेसाठी तुला आमच्याकडं ठेवलं होतं. तुझ्या आईवडिलांनी तो दोघांनी मिळून काढला. मला बोर्ड वाचायची सवय आहे, एकेक अक्षर लावून वाचतो. वर मोठ्या अक्षरात डॉ. इंद्रजित, खाली लहान अक्षरात डॉ. सौ. दीपमाला. मी रंगवणाऱ्याला विचारलं, सर्जन कोण आहे या दोघांत? तो म्हणाला, "आवं आबा, बाईंचं नाव खालीच बसतंय, वर मालकांचं." तुझ्या आईला म्हटलं तर म्हणाली, जाऊ दे, ऑपरेशन बोर्डावर होत नसतं. लोक यायचे, तिच्याकडून पोट तपासून घ्यायचे, सगळं सांगून व्हायचं आणि मग विचारायचे, "डॉक्टरीणबाई, मोठे डॉक्टर कवा येणार?" आपल्याकडं हा शब्दच खोटा आहे बघ. डॉक्टरीणबाई म्हणजे डॉक्टर असलेली बाई का डॉक्टरची बायको, हे काही कळत नाही. मास्तरीणबाई म्हणतात तसंच. ज्याला जे सोयीचं असेल ते त्यानं धरावं. इंद्रजितराव मग खुर्चीवर येऊन बसायचे, तुझी आई जे म्हणाली तेच सांगायचे, आणि लोकांना पटायचं.

शिवतेज नावाचा एक पोरगा होता. फौजेत होता, सुट्टीवर आलेला. बाजारच्या दिवशी कांद्याच्या ट्रकला त्याची मोटारसायकल धडकली. मी त्या दिवशी तिथंच होतो, तुझे शाळेचे कपडे घ्यायला आलेलो. पोरगा पांढराफटक पडला होता. पोटात प्लीहा फुटून आत रक्त साठलं होतं, हे मला नंतर समजलं. पुण्याला न्यायला वेळ नव्हता. तुझ्या आईनं आत घेतलं. पोराची आई बनुबाई बाहेर बाकावर माझ्या शेजारी बसली होती. ती एकसारखी म्हणत होती, "सरांनी हात लावला म्हंजे वाचंल माझं लेकरू." मी तिला सांगितलं की आत माझी लेक हाय, तीच करतीया. ती माझ्याकडं बघून म्हणाली, "व्हय ओ बाबा, त्यास्नी मदत लागतीच की बाईमाणसाची." ऊन कलेपर्यंत दार बंद होतं. पोरगा वाचला.

तो घरी गेल्यावर महिन्याभरानं त्याचं सगळं गाव टेम्पो करून आलं. फेटा, शाल, हार, हलगीवाला. इंद्रजितरावांना खुर्चीवर बसवून फेटा बांधला. हलगी वाजली, फोटो काढले. तुझी आई तेव्हा आत कुणाचा तरी पाय शिवत होती. तिला बाहेर बोलावलं. बनुबाई पुढं झाली, हातात खण, नारळ आणि गहू. तिला ओटी भरायची होती. तुझ्या आईच्या अंगात ऑपरेशनचा हिरवा गाऊन. पदर नव्हता. मग तिनं त्या गाऊनचाच पुढचा घोळ दोन्ही हातांनी धरला आणि त्यात ओटी घेतली. त्यावर रक्ताचे दोन थेंब होते, त्यांच्या शेजारी नारळ पडला. बनुबाईनं कुंकू लावलं आणि म्हणाली, "सरांच्या हाताला यश हाय, बाई. तुमी त्यांच्या खान्याजेवनाकडं बघा, लय राबत्यात." तुझी आई मान हलवून हो म्हणाली. मी इंद्रजितरावांकडं बघितलं. ते फेटा सावरत हसत होते. वाईट माणूस नाही तो, तुझे वडील आहेत. घरी मला म्हणाले, लोकांचं मन कशाला मोडायचं, दवाखाना तर दोघांचाच आहे. तेही खरंच होतं. दुसऱ्या दिवशी बाजारपेठेत बोर्ड लागला, देवमाणूस डॉक्टर इंद्रजित. मी तो वाचत उभा राहिलो. खाली कुठं लहान अक्षरात काही आहे का म्हणून परत वाचला.

पुढचं तुला कळू दिलं नव्हतं. त्याच गावचा धुळा म्हणून मेंढरं राखणारा माणूस होता. पोट दुखतंय म्हणून त्यानं गावातच शेक घेतला, काढे घेतले, अंगारा लावला. आणला तेव्हा आतडं फुटून विष अंगभर झालं होतं. तुझ्या आईनं नातेवाइकांना सांगितलं की आशा थोडी आहे. ते म्हणाले, करा. टेबलावरच गेला बिचारा. लहान लेकरं होती त्याला. मग लोक जमले. आणि समीक्षा, त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की सुरी कुणाच्या हातात असते ते त्या गावाला पहिल्यापासून बरोबर ठाऊक होतं. बाईनं कापलं. बाईच्या हातात दिला कशाला? सर काय करत होते? बायकांनी भाकरी थापाव्यात. काचा फुटल्या, खुर्च्या मोडल्या, दवाखान्यावरचा बोर्ड खाली ओढला. इंद्रजितराव दारात हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडमनी शर्थ केली हो, ऑपरेशन त्यांनीच केलं, कुठं कसूर ठेवली नाही." हे वाक्य खरं होतं आणि तिच्या बाजूनंच होतं. फेटा बांधला तेव्हा ते त्यांच्या तोंडून आलं नाही. त्या दिवशी आलं, आणि लोक आणखीनच भडकले.

त्या गर्दीत शिवतेज होता. मी त्याला ओळखलं. दगड त्यानं मारला नाही, खोटं कशाला बोलू. बाजूला उभा होता. मी त्याच्याजवळ गेलो, म्हटलं, बाबा, तू तरी सांग, तुझं पोट कुणी शिवलंय. त्याच्या शर्टाच्या आत तुझ्या आईच्या टाक्यांचा वण होता. तो खाली बघून म्हणाला, "आमच्या येळंला सरांनी केलं हुतं बाबा, म्हनून वाचलो." त्याला खरंच तसं वाटत होतं का गावासमोर बोलायची छाती नव्हती, मला आजवर उमगलं नाही.

चौकशी झाली, तुझ्या आईची चूक नव्हती असं निघालं. ते कागद वाचायला कोण जातो? दवाखाना पुन्हा उघडला तर लोक आधीच विचारायचे, बाई कापत न्हाईत नव्हं? इंद्रजितराव मग साताऱ्याहून एक पुरुष सर्जन बोलवायला लागले. तो यायचा, कापायचा, आणि तुझी आई समोर उभी राहून जखम ओढून धरायची. तो तिच्यापेक्षा लहान होता. त्याला काही अडलं की तिच्याकडं बघायचा, ती बोट दाखवायची. असं काही दिवस चाललं. मग एकदा ती हात धुवायला गेली आणि नळ सोडून तशीच उभी राहिली. बराच वेळ. पाणी नुसतं वाहत होतं. त्यानंतर ती आत गेलीच नाही. पुढं तुम्ही सांगलीला राहायला गेलात आणि ती विम्याच्या ऑफिसात लागली. तुला तेवढीच आई माहीत आहे, डबा घेऊन ऑफिसला जाणारी, दुसऱ्यांनी केलेल्या ऑपरेशनांचे कागद तपासून सही करणारी. एकदा मी विचारलं, काम बरं आहे का? म्हणाली, "बरं आहे आबा, इथं माणूस मरत नाही आणि जगतही नाही."

आता माझं. माझ्या जांघेत अंतर्गळाची गाठ आहे हे तुला माहीत आहे. आता ती खोकलं की मुठीएवढी होते आणि कधीकधी आत जायला त्रास देते. पट्टा बांधून फिरतो. तुझ्या आईनं दिवाळीत मला खाटेवर आडवं केलं आणि तपासलं. इतक्या वर्षांनी मी तिला तसं बघितलं. डोळे कुठंतरी दुसरीकडं आणि बोटं मात्र जागच्या जागी जाणारी. गाठ अशी अलगद आत बसवली की मला कळलंसुद्धा नाही. मी म्हटलं, तूच कर ना ऑपरेशन. ती हात पुसत म्हणाली, आता माझ्या हातावर माझाच विश्वास राहिला नाही. मग मला सांगलीला दाखवायला नेलं. कुणाकडं? राजवर्धनकडं. त्याचं आता केवढं हॉस्पिटल आहे. दारातला बोर्ड मी सगळा वाचला, तुझी आई दोनदा 'चला आबा' म्हणाली तरी वाचला. बायका खूप आहेत डॉक्टर. बाळंतपणाच्या, लहान मुलांच्या, कातडीच्या. सर्जन म्हणून लिहिलेल्यांत एकही नाही. राजवर्धन उठून उभा राहिला, तुझ्या आईच्या पाया पडल्यासारखं केलं. मला म्हणाला, "आजोबा, गाठ मारायला मॅडमनीच शिकवलं मला." खरं तेच बोलला. मग तिला म्हणाला, "मॅडम, तुम्ही बाहेर बसा निवांत, चहा सांगतो." ती बाहेर जाऊन बसली. मी आत टेबलावर झोपून दाराकडं बघत होतो.

आता मूळ गोष्ट लिहितो, इतका वेळ तिच्याभोवतीच फिरतोय. तू दिवाळीत माझ्या खाटेच्या पायाला दोरा बांधून एका हातानं गाठी मारायचा सराव करत होतीस. तुझी आई शेंगांच्या पोत्याचं तोंड बांधते ना, तशीच गाठ, जी मला कधी सुटत नाही, दोरीच कापावी लागते. तुझी आई दारात येऊन उभी राहिली. तुझं एक बोट चुकत होतं. ती आली, तुझं बोट धरून जागेवर ठेवलं आणि आत गेली. तू खूश झालीस. मला म्हणालीस, "आबा, तुमचं ऑपरेशन मीच करणार, तोवर पट्टा बांधून थांबा." मीही हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी सकाळी तू आंघोळीला गेलीस तेव्हा तुझी आई माझ्यापाशी येऊन बसली. म्हणाली, "आबा, ती माझं ऐकायची नाही, तुमचं ऐकते. तुम्ही तिला लिहा. डोळ्यांचं घे म्हणावं, कातडीचं घे, पण हे नको. मला परत एकदा ते बघवायचं नाही." तेव्हापासून हे पत्र माझ्याकडं राहून गेलंय. म्हणून लिहितो, समीक्षा, सर्जरी घेऊ नकोस. लोणंदजवळचं ते गाव अजून तिथंच आहे आणि तसली गावं पुष्कळ आहेत. आणि तुला दिलेला शब्द मी मोडतोय. सोमवारी राजवर्धन माझं ऑपरेशन करणार आहे, मी सही देऊन आलो. तू शिकून येईपर्यंत ही गाठ थांबायची नाही आणि मीही थांबेन असं दिसत नाही. माझ्या पोटात जी गाठ पडेल ती तुझ्या आईचीच असेल, हात तेवढा दुसऱ्याचा. पुढं कशाची डॉक्टरकी घ्यायची, ते तुझ्या त्या फोनवरच्या फॉर्ममध्ये काय भरायचं त्याची मुदत संपत आली असं ऐकलं. काय भरलंस ते सोमवारच्या आत कळव, नाहीतर मी टेबलावर त्याच काळजीत झोपेन. आणि सर्जरीच भरली असलीस तर आईला आधी सांगू नकोस. आधी मला सांग, तिला कसं सांगायचं ते मी बघतो. पण लवकर कळव.

तुझाच,
आबा